ब्रेक लाइट का लागत नव्हता?



मुख्याध्यापकांच्या पानावर यंदा मोटारगाडीच्या दिव्याविषयी लेख आहे, हे पाहून काही पालकांना नवल वाटेल. पण ज्या घटनेतून हा लेख निघाला ती आपल्याच मुलांच्या बसपुढे घडली, म्हणून ती सर्वांना सांगणे मला आवश्यक वाटते.

शाळेची ओंकारेश्वरची सहल आपणास आठवत असेल. पुढे आपली पिकअप गाडी होती. तिच्या हौद्यात स्वयंपाकाची भांडी, पाण्याचे जार, सतरंज्या. मागे मुलांच्या दोन बसगाड्या. सिमरोलच्या पुढे भेरू घाटाच्या उतारावर एका वळणावर पिकअप एकदम हळू झाली आणि मागच्या बसला जोरात ब्रेक लावावा लागला. मुले पुढच्या सीटवर आदळली, दोघा-तिघांच्या डब्यातले लाडू खाली सांडले. याहून जास्त काही झाले नाही. ओंकारेश्वरला उतरल्यावर बसचे चालक माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘सर, आगे वाली गाड़ी की ब्रेक लाइट नहीं जल रही. ब्रेक कब लगा, पता ही नहीं चला.’

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीचा लाल दिवा पाहिला, मेंदूला समजले, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यालाच सावध माणसाचा एक ते दीड सेकंद जातो. दिवाच लागला नाही तर पुढची गाडी ‘मोठी दिसू लागली’ यावरून अंदाज करावा लागतो, आणि त्यात आणखी वेळ जातो. घाटात दोन गाड्यांमध्ये अंतर तरी किती असते!

इंदूरला परतल्यावर गाडी एका गॅरेजमध्ये पाठवली. तेथून निरोप आला की मागची वायरिंग पूर्ण खराब आहे, सगळी नवीन टाकावी लागेल. रक्कम अशी होती की विश्वस्त मंडळाच्या बैठकीत विषय मांडावा लागला. बैठकीत एक प्रश्न आला आणि तो अगदी योग्य होता: ‘वायरिंग खराब आहे म्हणजे नक्की कोठे खराब आहे?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. गॅरेजजवळही नव्हते. म्हणून असे ठरले की खर्च मंजूर करण्याआधी एकदा आपणच पाहावे.

त्याप्रमाणे एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गाडी मैदानात उभी केली. आपलाच एक माजी विद्यार्थी गाड्यांच्या विजेचे काम करतो, तो त्याची पेटी घेऊन आला. शाळेचे चालक काका होते, विज्ञानाच्या बाई होत्या आणि दहावीची पाच मुले-मुली. मी वही-पेन घेऊन उभा होतो. जे शिकलो ते लिहितो.

पाणी कोठपर्यंत आले?

आपल्या शहरात नर्मदेचे पाणी जलूदहून येते. घरचा नळ कोरडा असला की आपण काय करतो? कोणी लगेच जलूदपर्यंतची पाइपलाइन खोदत नाही. आधी शेजारी विचारतो, ‘वहिनी, तुमच्याकडे पाणी आलं का?’ त्यांच्याकडे आले असेल तर बिघाड आपल्या घरात. गल्लीत कोणाकडेच नसेल तर मागे, टाकीकडे. ब्रेक लाइट तपासायची रीत हीच आहे.

विजेचा रस्ताही सरळ आहे. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून जाते, तेथून ब्रेकच्या पेडलजवळच्या लहानशा स्विचपर्यंत येते. पेडल दाबले की स्विच जोडला जातो. मग एक लांब वायर चासीच्या कडेने थेट मागे जाते, तेथे तिचे दोन फाटे होतात, एक डाव्या दिव्याला, एक उजव्या. बल्बमधून निघालेली वीज परत जायला वेगळी वायर समोरपर्यंत नसते. गाडीचे लोखंडी शरीरच परतीचा रस्ता असते, त्याला मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. हा परतीचा रस्ता लोक विसरतात.

माजी विद्यार्थ्याने पेटी उघडण्याआधी मुलांना मागे उभे केले आणि काकांना पेडल दाबायला सांगितले. ‘आधी बघा, मग हात लावा.’ एकच दिवा लागत नसेल तर दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा त्या बाजूच्या अर्थमध्ये. दोन्ही लागत नसतील तर दोष दोघांच्या सामाईक रस्त्यात असण्याची शक्यता जास्त: फ्यूज, स्विच, नाहीतर मागे जाणारी लांब वायर. आपल्या गाडीचे दोन्ही लागत नव्हते. रात्रीचे मागचे लाल दिवे मात्र ठीक होते. त्यामुळेच कोणाला शंका आली नव्हती, अंधारात गाडी मागून लाल दिसतच होती.

बल्ब

दोन्ही बंद असले तरी बल्ब आधी पाहावेत, असे तो म्हणाला, आणि कारणही पटण्यासारखे दिले. एक बल्ब उडतो, कोणाच्या लक्षात येत नाही, सहा महिन्यांनी दुसरा उडतो आणि मग सगळे म्हणतात की दोन्ही एकदम गेले.

साध्या पिकअपमध्ये मागे ‘डबल पॉइंट’ बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा. ५ वॉटची तार रात्रीच्या दिव्याची, २१ वॉटची ब्रेकची. म्हणून ब्रेक दाबला की तोच दिवा एकदम तेजस्वी होतो. बल्बच्या पितळी बुडाला दोन बाजूंना दोन खुंट्या असतात आणि त्या मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. काही जण जोर लावून उलटा किंवा भलताच बल्ब बसवतात आणि मग ब्रेक दाबल्यावर भलतेच दिवे लागतात.

आपला डावा बल्ब काढला तर त्याची ब्रेकची तार तुटलेली होती, काच आतून काळवंडलेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. उजवा बल्ब काढला, त्याच्या दोन्ही तारा शाबूत. डावीकडे नवीन बल्ब घातला, काकांनी पेडल दाबले. काहीच नाही. टाळ्या थांबल्या.

येथे मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बिघाड एकच असेल असे आपण गृहीत धरतो. एक दोष सापडला की शोध थांबतो. आपल्या गाडीत दोन दोष होते आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकून ठेवले होते.

फ्यूज आणि स्विच

फ्यूज रंगावरून ओळखता येतो. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. २१ वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर वीज घेतो, दोन मिळून साडेतीन. तरीही फ्यूज उडत असेल तर त्याचा अर्थ कोठेतरी वायर सोलली जाऊन लोखंडाला टेकते आहे. अशा वेळी मोठा फ्यूज घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावणे (हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे), म्हणजे फ्यूजऐवजी गाडीची वायर जाळायला देणे होय.

आपला फ्यूज दिसायला चांगला होता. पण दिसण्यावर जायचे नाही. त्याच्याजवळ एक टेस्ट लॅम्प होता, म्हणजे एक लहान बल्ब, एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला टोकदार सळई. चिमटा लोखंडाला लावला आणि सळई फ्यूजच्या एका टोकाला टेकवली, दिवा लागला. दुसऱ्या टोकालाही लागला. फ्यूज ठीक.

मग तो पेडलखाली आडवा झाला. तेथला स्विच साधा असतो. पेडल वर असताना ते स्विचची दांडी दाबून धरते, तेव्हा दिवा बंद. पाय पडला की पेडल दूर जाते, दांडी बाहेर येते, दिवा चालू. पेडलवर जेथे दांडी टेकते तेथे रबराची किंवा प्लॅस्टिकची लहान गुंडी असते. ती झिजून गळून पडली की दांडी कायम बाहेर राहते आणि ब्रेक लाइट रात्रंदिवस लागून राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली मिळते आणि दोष बॅटरीवर जातो. कायम लागलेला ब्रेक लाइट बंद दिव्याइतकाच वाईट, कारण मागच्याला दोन्हीतून काहीच कळत नाही.

स्विचच्या एका वायरवर टेस्ट लॅम्प लागला, म्हणजे वीज तेथपर्यंत आली होती. पेडल दाबल्यावर दुसऱ्या वायरवरही लागला. स्विच ठीक. (जुन्या साध्या गाडीत या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडून पाहतात. दिवे लागले तर स्विच खराब. नव्या गाड्यांत याच स्विचला चार-चार वायरी असतात आणि त्या गाडीच्या संगणकाकडे जातात, तेथे हा प्रयोग करू नये.)

१२ व्होल्ट दिसतात, तरी दिवा लागत नाही

आता राहिली मागे जाणारी वायर. दहावीच्या एका मुलाने मल्टिमीटर मागितला. रिकाम्या होल्डरमध्ये दोन टोके लावली, काकांनी पेडल दाबले. मीटरवर १२ च्या वर आकडा. म्हणजे वीज पूर्ण येते आहे, बल्ब नवा आहे, तरी दिवा नाही! गॅरेजमध्येही हेच झाले असणार. मीटर ‘वीज आहे’ म्हणतो, बल्ब ‘नाही’ म्हणतो, मग सांगायचे काय? ‘वायरिंग बदला.’ मी त्यांना अप्रामाणिक म्हणणार नाही, ते येथे येऊन थांबले एवढेच.

माजी विद्यार्थी हसला आणि म्हणाला, ‘सर, हे तर तुम्ही आम्हाला शिकवलं होतं.’ खरे होते. ओहमचा नियम. जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला, आणि मी फळ्यावर किती वेळा लिहिलेला. माझे स्वतःचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाल्याने ‘रोध’ म्हणताना आजही माझ्या तोंडी ‘प्रतिरोध’ येतो, पण नियम तोच.

समजा वायरीत एके ठिकाणी जोड सडला आहे आणि तेथे २० ओहमचा रोध तयार झाला आहे. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहम असतो, म्हणजे तो जवळजवळ वीज घेतच नाही. एक कोटीपुढे २० काय? त्या जोडावर काहीच व्होल्ट खर्च होत नाहीत आणि मीटर पूर्ण १२ दाखवतो. आता मीटरच्या जागी बल्ब लावा. २१ वॉटच्या पेटलेल्या बल्बचा रोध १२ गुणिले १२ भागिले २१, म्हणजे साधारण ७ ओहम. एकूण झाले २७. बल्बच्या वाट्याला १२ पैकी जेमतेम ३ व्होल्ट. खरे तर त्याहून कमी, कारण तार थंड असताना तिचा रोध ७ ओहमपेक्षा पुष्कळ कमी असतो. एवढ्यात तार लाल सुद्धा होत नाही.

पुन्हा नळाचेच उदाहरण घ्या. पाइपमध्ये कचरा अडकला आहे, सुईएवढे छिद्र उरले आहे. नळ बंद ठेवलात तर मागचा दाब हळूहळू पूर्ण पोहोचतो, दाबमापक चांगला आकडा दाखवेल. नळ उघडला की थेंब थेंब. मीटर म्हणजे बंद नळ.

म्हणून बल्ब होल्डरमध्ये ठेवून, पेडल दाबलेले असताना, म्हणजे नळ उघडा ठेवून व्होल्ट मोजायचे. तसे मोजले तर होल्डरवर दोन व्होल्टसुद्धा नव्हते. स्विचपाशी त्याच वेळी १२. मग मुलांनी मध्यावर मोजले, हौद्याच्या पुढच्या कडेखाली, जेथे वायरींचा कपलर आहे. तेथे १२. म्हणजे अर्धी वायर निर्दोष ठरली आणि शोध मागच्या अर्ध्यात आला. पुन्हा त्याचा मध्य. चौथ्या मोजणीला हात फाळक्याजवळच्या एका काळ्या टेपच्या गाठोड्यावर आला.

टेप सोडली तेव्हा आत हिरवी पूड होती. तांब्याच्या तारा गंजून हिरव्या झालेल्या, दोन-तीन केसांइतक्या तारा तेवढ्या जोडलेल्या. चालक काकांना आठवले. दोन-तीन वर्षांपूर्वी फाळक्याच्या वर एक जास्तीचा लाल दिवा बसवला होता, ब्रेकच्या वायरीलाच जोडून. कल्पना वाईट नव्हती. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना मधला तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा झाला तो याच विचाराने. आपला दिवा नंतर बाके चढवताना तुटला आणि काढून टाकला. त्याचा जोड मात्र वायर नुसती पिळून, टेप गुंडाळून, तसाच खाली लोंबत राहिला. पावसाळ्यात चाकाचा चिखल त्यावर उडत होता आणि गाडी धुताना पंपाचे पाणीही तेथेच बसत होते.

खराब तुकडा कापला. दोन्ही बाजूंना लखलखीत तांबे दिसेपर्यंत वायर सोलली, कारण हिरवटपणा वेष्टनाच्या आतही पुढे सरकलेला असतो. झाळून जोड केला, त्यावर गरम केल्यावर आवळून बसणारी नळी चढवली आणि वायर चासीच्या आतल्या बाजूला उंच बांधली. काकांनी पेडल दाबले. दोन्ही दिवे असे लागले की उन्हातही डोळ्यांत भरले. खर्च एक बल्ब, वीतभर वायर आणि वीतभर नळी. त्या दिवशी सर्वांनी मिळून पोहे-जलेबी खाल्ली, तिचे बिल याहून जास्त झाले.

अर्थचा खोडकरपणा

आपल्या गाडीत हा दोष नव्हता, पण घरोघरच्या गाड्यांत तो फार आढळतो म्हणून लिहितो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो, किंवा रात्रीचे दिवे चालू असताना ब्रेक दाबला तर त्या बाजूचा दिवा तेजस्वी होण्याऐवजी मंद होतो. हे भूत नाही. दिव्याचा अर्थ सुटला आहे आणि परतीचा सरळ रस्ता न मिळालेली वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते आहे. एक वायर घेऊन तिचे एक टोक होल्डरच्या अर्थला आणि दुसरे चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला धरावे. दिवा लगेच नीट लागला तर दुसरीकडे शोधू नये, अर्थचा स्क्रू काढून खालचा गंज आणि रंग घासावा.

काही नव्या गाड्यांत बल्बऐवजी एलईडी असतात. साध्या बल्बपेक्षा ते सेकंदाच्या पाचव्या भागाने लवकर पेटतात. ताशी ६० च्या वेगाला मागच्या गाडीला त्यातून तीन मीटरहून जास्त अंतर मिळते. पण पुष्कळदा त्यात बदलायला बल्ब नसतो, पूर्ण दिवाच बदलावा लागतो. म्हणून तेथे तर वायर, स्विच आणि अर्थ आधी तपासून मगच नवीन दिवा घ्यावा.

पालकांना आणखी एक सांगायचे आहे. दुपारी फाटकाजवळ स्कूटरवर मुलांना घ्यायला येणाऱ्या पालकांच्या गाड्या आम्ही दोन दिवस सहज पाहिल्या. स्कूटरच्या दोन्ही ब्रेकना वेगवेगळे स्विच असतात. पुष्कळ गाड्यांचा दिवा उजवा ब्रेक दाबला की लागत होता आणि डावा दाबला की लागत नव्हता, आणि आपल्यापैकी बहुतेक जण आधी डावाच दाबतात. दोन्ही वेगवेगळे दाबून पाहावेत. मदतीला कोणी नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावावी, भिंतीवर लाल उजेड पडलेला आरशात दिसतो. मुलांनी हे तपासताना मोठे माणूस जवळ असावे, गाडी सपाटीवर हँडब्रेक लावून उभी असावी, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

वायरिंगच्या खर्चाचा विषय मंडळाने मागे घेतला आहे. शाळेच्या गाड्यांच्या नोंदवहीत आता दर सोमवारी ‘ब्रेक लाइट: डावा, उजवा’ असा रकाना चालक आणि शिपाई मिळून भरतात. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहायचे, सही दोघांची. दहावीच्या मुलांनी लाकडी फळीवर बॅटरी, फ्यूज, स्विच आणि दोन बल्ब बसवून हीच सर्किट तयार केली आहे. सडलेल्या जोडाच्या जागी त्यांनी २० ओहमचा रोधक लावला आहे, तो मध्ये घेतला की मीटर १२ दाखवतो आणि बल्ब काळाच राहतो. फळी विज्ञान प्रयोगशाळेत आहे, पालक सभेच्या दिवशी ती खाली हॉलमध्ये ठेवू.

पिकअपचा रिव्हर्स लाइट मात्र अजून लागत नाही. मुलांनी त्याच्यासाठी पुढचा शनिवार मागून घेतला आहे.